धानाच्या बांधीतील दोन माश्या : एक सोसावी, एक रोखावी



भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशच्या सीमेलगत नाकाडोंगरीचा परिसर आहे. आजूबाजूला जंगल, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाण आणि मधल्या सखल भागात धानाच्या बांध्या असे या भागाचे स्वरूप आहे. पाऊस वेळेवर आला तर जुलैमध्ये रोवणी आटोपते. तो लांबला तर ऑगस्ट उजाडतो. रोवणी झाली की पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोन निरनिराळ्या माश्या धानावर येतात. पहिली पानमाशी आणि दुसरी गादमाशी.

या दोन्ही माश्यांना एकच समजून एकच औषध वापरण्याची पद्धत अनेक गावांत दिसते. त्यात शेतकऱ्याचा दुहेरी तोटा होतो. पानमाशीचे नुकसान डोळ्यांत भरते, पण पीक ते बहुधा स्वतःच भरून काढते. गादमाशीचे काम मात्र पोंग्याच्या आत गुपचूप चालते आणि ते दिसते तेव्हा तो फुटवा हातचा गेलेला असतो. म्हणजे खर्च होतो पहिल्या माशीवर आणि लोंब्या जातात दुसऱ्या माशीमुळे. म्हणून या दोन माश्यांची ओळख, त्यांचा जीवनक्रम, नुकसानीचा प्रकार आणि त्यानुसार करावयाची उपाययोजना यांची माहिती या लेखात दिली आहे.

दोन्हींचे कूळ

माशी, डास, चिलट हे सर्व दोन पंखांच्या कीटकांच्या एकाच गणातील आहेत. आपल्या दोन्ही किडी याच गणातल्या असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत.

गादमाशीचे शास्त्रीय नाव ओर्सिओलिया ओरायझी. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील शास्त्रज्ञ वुड-मेसन यांनी १८८९ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. सीमेपलीकडे बालाघाट आणि छत्तीसगडकडे हिलाच ‘गंगई’ म्हणतात. झाडावर गाठी करणाऱ्या चिलटांच्या कुळातील ही कीड आहे.

दुसऱ्या माशीचे शास्त्रीय नाव हायड्रेलिया फिलिपिना. १९६८ मध्ये फिलिपाइन्समधून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिची अळी न उमललेल्या पानाच्या कडा खाते, म्हणून या लेखात आपण तिला सोयीसाठी पानमाशी म्हणू. पाणथळ जागी राहणाऱ्या माश्यांच्या कुळातील ही माशी आहे. तिला उघडे, साचलेले पाणी आवडते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा बंदोबस्त करताना हीच गोष्ट उपयोगी पडते.

माशी कशी ओळखावी?

गादमाशी डासासारखी दिसते. लांबी ३ ते ४ मिलिमीटर, पाय लांब व नाजूक. मादीचे पोट नारिंगी-लाल असते. ती चावत नाही. दिवसा ती धानाच्या बुंध्याशी लपून बसते व रात्री बाहेर पडते. दिव्याकडे ती ओढली जाते. म्हणून ऑगस्ट महिन्यात अंगणातल्या किंवा गोठ्यातल्या दिव्याखाली लाल पोटाचे ‘डास’ मेलेले दिसू लागले, तर गादमाशी गावात आली असे समजावे. ही सूचना फुकट मिळते आणि शेतात चंदेरी पोंगे दिसण्याच्या आधी मिळते.

पानमाशी घरमाशीच्या घडणीची, पण तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असते. रंग राखाडी, लांबी २ ते ३ मिलिमीटरच्या आसपास. ती दिवसा फिरते. नुकतीच रोवणी झालेल्या बांधीत पाण्यालगतच्या पानांवर ती बसलेली दिसते. रोवणी दाट वाढून पाणी झाकले गेले की तिची संख्या आपोआप कमी होते.

जीवनक्रम व नुकसानीचा प्रकार

पानमाशी : मादी पानांवर पांढरी, लांबट अंडी एकेक सुटी घालते. अंड्यातून निघालेली पिवळसर, बिनपायाची अळी मधल्या गुंडाळलेल्या पानात शिरते आणि पानाच्या आतल्या कडा खरवडून खाते. पान उमलले की कडेने पांढरट-पिवळे, पारदर्शक पट्टे आणि बारीक छिद्रे दिसतात. काही पानांचे शेंडे वाऱ्याने मोडून लोंबकळतात. अळीची अवस्था साधारण १० ते १२ दिवसांची असते. त्यानंतर ती पानाचा आवरणभाग आणि खोड यांच्यामध्ये कोषात जाते.

रोवणीनंतर आठवडाभरातच ही लक्षणे दिसू लागतात. बांधीभर पांढुरके पट्टे पाहून शेतकरी घाबरतो. परंतु अळी वाढीच्या कोंबाला मारत नाही. ती फक्त पानाची कड खाते. धान मुळे धरून फुटवे टाकू लागला की नवी पाने निरोगी निघतात. रोवणीनंतर साधारण ३० दिवसांनी प्रादुर्भाव संपतो. फार जोराचा प्रादुर्भाव झाला तर रोपे काही दिवस खुजी राहतात आणि धान थोडा उशिरा तयार होतो, परंतु सर्वसाधारण वाढीच्या पिकात उत्पन्नात मोठी घट येत नाही.

गादमाशी : एक मादी पानांवर किंवा पानाच्या आवरणावर शंभराहून अधिक लांबट अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात. त्या खोड पोखरत नाहीत. पानावरच्या दवाच्या किंवा पावसाच्या ओलाव्यातून घसरत त्या पानाच्या आवरणामागून थेट वाढीच्या कोंबापाशी पोचतात. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि दमट वातावरणात ही कीड फोफावते, त्याचे कारण हेच आहे. ओलावा नसेल तर कोवळी अळी वाटेतच मरते.

कोंबापाशी बसून अळी खाऊ लागली की तिच्या लाळेतील द्रव्यामुळे पानाच्या आवरणाची वाढ बिघडते आणि पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी तयार होते. हाच चंदेरी पोंगा. रंग फिकट हिरवा किंवा चांदीसारखा असतो. अळीची वाढ १५ ते २० दिवसांत पूर्ण होते. कोष पोंग्यातच तयार होतो. कोष नळीच्या वरच्या टोकापर्यंत सरकतो, छिद्र पाडतो आणि त्यातून माशी बाहेर पडते. छिद्राशी कोषाचे रिकामे पांढरट कवच अडकलेले दिसते.

ज्या फुटव्याचा पोंगा झाला त्याला लोंबी येत नाही. झाड त्याऐवजी नवे फुटवे काढते, पण तेही कोवळे असल्यामुळे पुढच्या पिढीला बळी पडतात. चूड भरगच्च दिसते, पण निसवण्याच्या वेळी लोंब्या मोजक्याच निघतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पोंगा ठळकपणे दिसतो तेव्हा आतल्या अळीचे काम संपत आलेले असते. म्हणजे आज दिसणारा पोंगा ही दोन-तीन आठवड्यांपूर्वी घातलेल्या अंड्याची बातमी आहे. तो फुटवा कोणत्याही औषधाने परत येत नाही. औषध वापरायचे ते उरलेले फुटवे पुढच्या पिढीपासून वाचविण्यासाठी.

फरक एका दृष्टिक्षेपात

१) वेळ : पानमाशी रोवणीनंतर पहिले ३० दिवस. गादमाशी पऱ्ह्यापासून फुटवे येणे संपेपर्यंत. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जोर अधिक.

२) फिरण्याची वेळ : पानमाशी दिवसा. गादमाशी रात्री, दिव्याकडे येते.

३) लक्षण : पानमाशीमुळे पानाच्या कडेला पांढरट पट्टे व छिद्रे. गादमाशीमुळे कांद्याच्या पातीसारखा पोंगा.

४) खाण्याची जागा : पानमाशी पानाची कड. गादमाशी वाढीचा कोंब.

५) अनुकूल स्थिती : पानमाशीला उघडे साचलेले पाणी व पातळ रोवणी. गादमाशीला ढगाळ, दमट हवा व उशिराची रोवणी.

६) परिणाम : पानमाशीतून पीक सावरते. गादमाशीने फुटवा कायमचा जातो.

खोडकिडीशी घोटाळा करू नये. खोडकिडीमुळे मधला कोंब वाळून तपकिरी होतो आणि ओढला तर सहज हाती येतो. गादमाशीचा पोंगा हिरवट-चंदेरी, ताजा आणि पोकळ असतो.

बांधीत मोजणी कशी करावी?

निर्णय नजरेच्या अंदाजावर घेऊ नये. आठवड्यातून एकदा बांधीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे चालत जावे व वाटेत २० चुडा तपासाव्यात. धुऱ्याकाठच्या चुडा धरू नयेत. प्रत्येक चुडीतील एकूण फुटवे व चंदेरी पोंगे मोजून कागदावर मांडावेत.

उदाहरणार्थ, २० चुडांत मिळून २४० फुटवे आणि १२ पोंगे निघाले, तर १२ ला १०० ने गुणून २४० ने भागावे. उत्तर ५ येते. फुटव्यांच्या काळात ५ टक्के पोंगे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. जेथे ही कीड दरवर्षी हमखास येते तेथे चौरस मीटरला एक पोंगा दिसला तरी सावध व्हावे.

पानमाशीसाठी वेगळी परीक्षा आहे. पट्टे दिसल्यावर आठ दिवस थांबावे आणि सर्वांत नवे, पूर्ण उमललेले पान पाहावे. ते स्वच्छ असेल तर पीक सावरले असे समजून औषधाचा खर्च टाळावा.

निंदणाला जाणाऱ्या बायांना पोंगा आधी दिसतो, कारण त्या प्रत्येक चुडीपाशी वाकतात. त्यांना दोन्ही लक्षणे नीट दाखवून ठेवावीत.

गादमाशीचा नैसर्गिक शत्रू

प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची अतिशय बारीक, काळी गांधीलमाशी गादमाशीवर उपजीविका करते. एका अळीच्या शरीरातून अशा अनेक गांधीलमाश्या निघतात. हंगाम पुढे सरकतो तशी त्यांची संख्या वाढत जाते.

पाच-दहा पोंगे तोडून ब्लेडने उभे चिरावेत. आत एकच लालसर अळी किंवा कोष दिसला तर पुढची माशी तयार होत आहे. अळीच्या जागी बारीक कोषांचा पुंजका दिसला तर गांधीलमाशीने तिचा निकाल लावला आहे. बहुतेक पोंग्यांत असा पुंजका सापडला तर औषध वापरू नये. त्या बांधीतले पोंगे पलीकडच्या नव्याने रोवलेल्या बांधीत, रोवणीनंतर १० दिवसांनी, दर १० चौरस मीटरला एक याप्रमाणे ठेवल्यास मित्रकीटक तेथेही पोचतो.

आता पानमाशीला घाबरून रोवणीनंतर पहिल्याच पंधरवड्यात केलेल्या फवारणीचा विचार करा. त्या वेळी बांधीत ही गांधीलमाशी, कोळी आणि चतुर येऊ लागलेले असतात. फवारणीत ते मरतात. पुढे गादमाशी येते तेव्हा तिला अडविणारे कोणी उरत नाही आणि तुडतुड्यांनाही रान मोकळे मिळते. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भात तुडतुड्यांनी धानाचे केवढे नुकसान केले हे आपण विसरलेलो नाही. शासनाला त्यासाठी मदत जाहीर करावी लागली होती. बांधीतले मित्रकीटक जपणे हा अशा किडींविरुद्धचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

बियाणे आणताना सावधान

गादमाशी सगळीकडे दिसायला एकच असली तरी तिचे निरनिराळे जैवप्रकार आहेत. भारतात असे सात प्रकार ओळखले गेले आहेत. छत्तीसगडमधील रायपूर भागात पहिला प्रकार आढळला, तर भंडारा भागातील माशी चौथ्या प्रकारात मोडते. एका प्रकाराला दाद न देणारा वाण दुसऱ्या प्रकाराला बळी पडू शकतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला ‘फाल्गुना’ हा वाण गादमाशीला चांगला प्रतिकारक होता. उत्तर आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत तो मोठ्या क्षेत्रावर गेला आणि १९८० च्या दशकात तेथे त्याला न जुमानणारा चौथा प्रकार पुढे आला.

नाकाडोंगरीसारख्या सीमेवरच्या गावांत नातेसंबंधातून, बाजारातून पलीकडचे बियाणे सहज येते. ‘तिकडे याला गंगई लागत नाही’ हे सांगणे खरे असू शकते. मात्र तेवढ्यावर ते इकडेही खरे ठरेल असे नाही. म्हणून साकोली येथील कृषी संशोधन केंद्र किंवा सिंदेवाही येथील विभागीय कृषी संशोधन केंद्राकडून आपल्या भागासाठी शिफारस केलेला प्रतिकारक वाण कोणता, हे पऱ्हे टाकण्याआधी विचारून घ्यावे. सगळ्या शिवारात वर्षानुवर्षे एकच वाण ठेवू नये.

उपाययोजना

अ) दोन्ही माश्यांसाठी

१) नत्र एकदम देऊ नये. शिफारशीची मात्रा रोवणी, फुटवे व लोंबी धरण्याची वेळ अशी विभागून द्यावी. भरमसाट युरियाने पीक कोवळे व लुसलुशीत राहते आणि किडीला निमंत्रण मिळते.

२) पऱ्ह्यातून निरोगी रोपेच निवडावीत. पोंगा असलेले रोप बांधीत नेऊ नये.

ब) पानमाशीसाठी

१) ओलिताची सोय असेल तेथे रोवणीनंतर पहिल्या महिन्यात अधूनमधून बांधीतील पाणी काढून ती एक-दोन दिवस ओलसर ठेवावी. उघडे पाणी नसले की माशी अंडी घालण्यास कमी येते. खत दिल्यावर लगेच पाणी काढू नये. केवळ पावसावर अवलंबून असलेल्या बांधीत पाणी सोडण्याचे धाडस करू नये. माशी जाईल, पण पाणी परत येणार नाही.

२) पातळ रोवणी व तुटाळ ठेवू नये. तुटाळी आठवड्याच्या आत भराव्यात.

३) आवत्या पद्धतीच्या दाट धानात ही माशी क्वचितच त्रास देते. तेथे तिच्यासाठी वेगळा खर्च करू नये.

क) गादमाशीसाठी

१) हंगामाआधी धुऱ्यांवरील, बोडीकाठचे व बांधीतील देवधान आणि इतर गवते काढून टाकावीत. धान नसतो त्या काळात ही कीड अशा झाडांवर तग धरते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा वाढते.

२) शक्यतो जुलैमध्ये, आणि शेजाऱ्यांनी मिळून एकाच सुमारास रोवणी संपवावी. सर्वांचा धान जून झालेला आणि एकाचाच कोवळा असेल, तर गावातली सगळी माशी त्याच एका बांधीवर उतरते.

३) पाऊस किंवा तलावाचे पाणी लांबल्यामुळे रोवणी उशिरा होणार असेल, तर रोवणीआधी रोपांची मुळे क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही १० मिलि १० लिटर पाण्यात, या द्रावणात १२ तास बुडवून ठेवावीत. रोपे हाताळताना हातमोजे वापरावेत.

४) पोंगे ५ टक्क्यांवर गेले, पीक अजून फुटव्याच्या अवस्थेत असेल आणि चिरलेल्या पोंग्यांत जिवंत अळ्याच अधिक असतील, तरच दाणेदार औषध वापरावे. फिप्रोनिल ०.३ टक्के दाणेदार हे औषध एकरी ७ ते १० किलो, रेतीत मिसळून सारखे फेकावे. बांधीत ३ ते ५ सेंटिमीटर पाणी असावे व मुरडे तीन-चार दिवस बंद ठेवावेत. वापरण्याआधी पिशवीवरील सूचना वाचाव्यात.

५) हे औषध मासे व झिंग्यांना घातक आहे. ज्या बांधीचे पाणी थेट बोडीत किंवा मामा तलावात उतरते तेथे ते टाकू नये. आपल्या बांधीमुळे मच्छीमार बांधवांचे मत्स्यबीज मरू नये, ही काळजी आपणच घ्यावयाची आहे.

६) पोटरी धरल्यानंतर गादमाशी नवे नुकसान करू शकत नाही. त्या वेळी पोंगे कितीही दिसले तरी औषध टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

जुनी शिफारस, नवी स्थिती

अनेक शेतकऱ्यांच्या वहीत गादमाशीसाठी ‘फोरेट १० टक्के दाणेदार’ असे लिहिलेले सापडेल. एकेकाळी ती शिफारस होती. मात्र केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटच्या वापरावर देशात बंदी आहे. कोठे जुना साठा कमी भावात मिळाला तरी घेऊ नये. हे औषध माणसाला व जनावरांना अत्यंत विषारी आहे.

फवारणीचे संकट केवळ पैशाचे नसते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टाळणे ही घरातल्या माणसांचीही काळजी आहे.

थोडक्यात काय करावे?

रोवणीनंतर पांढरे पट्टे दिसले तर थांबा, शक्य असेल तेथे पाणी काढा आणि नवे पान पाहा. दिव्याखाली लाल पोटाचे चिलट दिसले तर आठवड्याची मोजणी सुरू करा. पोंगे दिसले तर मोजा, चिरा आणि मगच औषधाचे ठरवा. पीक पोटरीवर आले की गादमाशीची मोजणी थांबवा आणि बुंध्याशी तुडतुडे आहेत का ते पाहू लागा.

शंका असल्यास पोंगा असलेली चूड मुळासकट उपटून, ओल्या कापडात गुंडाळून कृषी सहायकाकडे किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. नुसते ‘धानाला माशी लागली’ असे सांगून दुकानातून औषध आणू नये. माशी कोणती हे आधी ठरले, तरच औषधाचा पैसा लोंबीत उतरेल.